गोळी तीच, यादी कोणती?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

अमली पदार्थ आणि नियंत्रित औषधे यांच्या कायदेशीर वर्गीकरणाबद्दल आलेल्या पत्रांपैकी नऊ पत्रे या अंकात घेतली आहेत. बहुतेकांच्या प्रश्नामागे एकच गोंधळ दिसतो. ‘यादीत आहे’ असे सगळे म्हणतात, पण याद्या तीन आहेत. पहिली एनडीपीएस कायद्याची (गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५), दुसरी औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतल्या शेड्यूल्सची आणि तिसरी राज्याच्या दारूबंदी कायद्याची. कोणत्या यादीबद्दल बोलतो आहोत हे आधी ठरवले की निम्मे प्रश्न सुटतात. उत्तरे फौजदारी वकिली करणाऱ्या आणि औषध परवान्यांचे काम पाहणाऱ्या आमच्या सल्लागारांनी दिली आहेत.

प्रश्न : गुजरातने २०१७ मध्ये भांग अमली पदार्थांच्या यादीतून काढली असे वाचले. मग उद्या महाराष्ट्र गांजासुद्धा काढू शकेल का? एका राज्यात गुन्हा आणि शेजारी गुन्हा नाही, हे कसे? (पुणे)

झाड एकच असले तरी कायद्याने त्याचे तुकडे केले आहेत. एनडीपीएस कायद्यात ‘कॅनाबिस’ म्हणजे चरस, गांजा आणि त्यांची मिश्रणे. झाडाची राळ वेगळी काढली की ती चरस. फुलोऱ्याचे किंवा फळे धरलेले शेंडे म्हणजे गांजा. पाने आणि बिया शेंड्यांसोबत नसतील तर त्या गांजात मोडत नाहीत. भांग पानांची होते, म्हणून ती केंद्राच्या या कायद्याच्या बाहेर राहिली आणि तिचे काय करायचे हे राज्यांकडे आले.

म्हणूनच इतका फरक दिसतो. उत्तर प्रदेश आणि राजस्थानात सरकारी परवान्याची भांगेची दुकाने आहेत. आसामात १९५८ पासून गांजा आणि भांग यांच्या बंदीचा स्वतंत्र कायदा आहे. गुजरातच्या दारूबंदी कायद्यात ‘मादक द्रव्य’ या व्याख्येत भांग होती, ती फेब्रुवारी २०१७ मध्ये दुरुस्ती करून वगळली. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि विनापरवाना भांग बनवणे, बाळगणे किंवा सेवन करणे हा कलम ६६(१)(ब) खाली गुन्हा आहे. वाराणसीत दुकानातून रीतसर विकत घेतलेली भांगेची गोळी नागपूर स्टेशनवर उतरताना कायदेशीर राहत नाही. पावती दाखवून उपयोग नाही, कारण तो परवाना त्या राज्यापुरता असतो.

गांजाचे मात्र तसे करता येणार नाही. औषधे आणि विषे हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत १९ व्या क्रमांकावर आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघेही त्यावर कायदा करू शकतात. पण संसदेच्या कायद्याशी राज्याचा कायदा विसंगत ठरला तर अनुच्छेद २५४ प्रमाणे संसदेचा कायदा चालतो. राष्ट्रपतींची संमती मिळाली तरच राज्याचा कायदा त्या राज्यापुरता टिकतो. मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या यादीत नाव घालणे वा काढणे (कलम ३) आणि अल्प व व्यापारी मात्रा (शिक्षा किती हे ज्यांवरून ठरते त्या वजनाच्या सीमा) ठरवणे, ही दोन्ही कामे कायद्याने केंद्र सरकारकडे ठेवली आहेत.

मग राज्याच्या हातात काय उरते? भांग, मद्य, त्यांवरचे शुल्क, कलम १० खालचे परवान्यांचे नियम, आणि गुन्ह्यामागून येणारी कारवाई. महाराष्ट्र विधिमंडळाने २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात मकोका कायद्यात दुरुस्ती करून अमली पदार्थांची तस्करी संघटित गुन्हेगारीच्या व्याख्येत घेतली. त्याने एकही पदार्थ या यादीतून त्या यादीत गेला नाही. तस्करीच्या टोळीवर लागणारा कायदा मात्र अधिक कडक झाला. बातम्या वाचताना या दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात.

एक धोका सांगायलाच हवा. ‘आयुर्वेदिक’ म्हणून मिळणाऱ्या गोळीत भांग असेल तर ती औषध नियमांच्या शेड्यूल ई(१) मध्ये, म्हणजे विषारी घटकांच्या यादीत येते. वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना तिच्या वेष्टनावर हवी. उघड्यावर, वेष्टनाशिवाय मिळणाऱ्या गोळीत शेंड्यांचा चुरा मिसळलेला असू शकतो. तो असेल तर पदार्थ भांग राहत नाही, गांजा होतो आणि प्रकरण थेट एनडीपीएसमध्ये जाते.

प्रश्न : आईला कर्करोग आहे. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्या दर चार तासांनी दिल्या आहेत. गावात एकही केमिस्ट त्या ठेवत नाही. महिनाभराच्या गोळ्या एसटीने आणताना पोलिसांनी अडवले तर? (सांगली जिल्हा)

घाबरू नका. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, अधिकृत ठिकाणाहून, स्वतःच्या रुग्णासाठी आणलेले मॉर्फिन बाळगणे गुन्हा नाही. ज्या कलम ८ ने बंदी घातली आहे, त्याच कलमात वैद्यकीय आणि शास्त्रीय वापराला मोकळीक आहे.

गावात का मिळत नाही, तर एके काळी मॉर्फिनसाठी प्रत्येक राज्याचे नियम निराळे होते. अनेक राज्यांत रुग्णालयाला चार-पाच परवाने लागत आणि ते सगळे एकाच वेळी मुदतीत असावे लागत. शेवटचा हातात पडेपर्यंत पहिला संपलेला असे. २०१४ च्या दुरुस्तीने ‘अत्यावश्यक गुंगीकारक औषधे’ असा नवा वर्ग केला. त्यात सहा औषधे आहेत : मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन. त्यांचे नियम राज्यांकडून काढून केंद्राने सगळ्या देशाला एक केले. आता रुग्णालयाला राज्याच्या औषध नियंत्रकाकडून ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ अशी एकच मान्यता लागते. वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर तिथे असला पाहिजे आणि वर्षाच्या गरजेचा अंदाज कळवावा लागतो.

तुम्ही काय करावे? जिल्हा रुग्णालयाच्या किंवा जवळच्या कर्करोग रुग्णालयाच्या वेदनाशमन विभागात ‘ही मान्यताप्राप्त संस्था आहे का’ असे थेट विचारा. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयातही याची माहिती मिळते. दिवसाला सहा गोळ्या म्हणजे ६० मिलिग्रॅम, तीस दिवसांच्या १८० गोळ्या, म्हणजे १.८ ग्रॅम मॉर्फिन. चिठ्ठीवर रुग्णाचे नाव व पत्ता, मात्रा, दिवस आणि एकूण १८० हा आकडा लिहिलेला असू द्या. एकूण संख्या लिहायची राहून गेली की औषध मिळताना आणि वाटेत अडवल्यावर, दोन्हीकडे अडचण होते. गोळ्या स्ट्रिपमध्येच आणा, डबीत सुट्या काढू नका. चिठ्ठी आणि औषध दिल्याची पावती त्याच पिशवीत ठेवा. तुम्ही रुग्ण नसून मुलगा किंवा मुलगी आहात, म्हणून आईच्या आणि स्वतःच्या ओळखपत्राची प्रत सोबत असलेली बरी.

घरी गोळ्या कुलपात ठेवा आणि रोज किती संपल्या ते वहीत लिहा. डोस बदलला आणि गोळ्या उरल्या तर शेजारच्या रुग्णाला देऊ नका. हेतू कितीही चांगला असला तरी कायद्याने तो विनापरवाना पुरवठा होतो. जिथून आणल्या तिथेच परत करा.

प्रश्न : मी केमिस्ट आहे. ट्रामाडोलसारखे औषध एका यादीतून दुसरीत गेले की दुकानात नेमके काय बदलायचे? (जळगाव)

ट्रामाडोल हे वेदनाशामक याचे चांगले उदाहरण आहे, कारण ते दोन वेगळ्या मंत्रालयांच्या अधिसूचनांनी दोनदा सरकले. आरोग्य मंत्रालयाने ३० ऑगस्ट २०१३ च्या अधिसूचनेने शेड्यूल एच१ (चिठ्ठीवर आणि वेगळ्या नोंदीनेच विकायच्या औषधांची यादी) तयार केले आणि ते १ मार्च २०१४ पासून लागू झाले. सुरुवातीच्या ४६ औषधांत ट्रामाडोल होते. पुढे वित्त मंत्रालयाच्या महसूल विभागाने २६ एप्रिल २०१८ ला ते एनडीपीएसच्या अनुसूचीत घातले. पहिल्या बदलात नोंदवहीचे काम वाढले. दुसऱ्या बदलानंतर मात्र नोंदीशिवाय सापडलेला साठा हा अजामीनपात्र गुन्ह्याचा मुद्देमाल होऊ शकतो.

बदल कळला की पहिल्यांदा राजपत्रातली तारीख पाहा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे पत्रक अनेकदा मसुद्याचे असते. त्या तारखेला दुकान बंद करताना त्या औषधाचा प्रत्यक्ष साठा मोजा आणि बॅच क्रमांक, मुदत व खरेदी बिलाचा क्रमांक यांसह लिहून ठेवा. साठा वेगळ्या कप्प्यात हलवा. जुन्या लेबलचा माल असेल तर स्टॉकिस्टला रीतसर परत करा आणि त्याचे कागद जपून ठेवा. एनडीपीएसमध्ये येणाऱ्या औषधावर लाल रंगात ‘एनआरएक्स’ हे चिन्ह लागते, नुसते ‘आरएक्स’ नाही. शंका राहिली तर औषध निरीक्षकांना लेखी विचारा. तोंडी मिळालेले उत्तर तपासणीच्या दिवशी कामाला येत नाही.

एच१ ची नोंदवही स्वतंत्र हवी. त्यात डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि दिलेली संख्या लिहायची आणि ती वही तीन वर्षे ठेवायची. शेड्यूल एक्सची गोष्ट निराळी. केटामाइन, मिथाइलफेनिडेट, पेंटोबार्बिटल अशी औषधे ठेवायला फॉर्म २०एफ चा वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानात दोन वर्षे ठेवावी लागते. साठा कुलपात ठेवायचा. हा परवाना नसेल तर ‘एकच इंजेक्शन, ओळखीच्या डॉक्टरांसाठी’ हेसुद्धा चालत नाही.

चुका कुठे होतात? सर्वांत जास्त सुट्या गोळ्यांत. दहाच्या स्ट्रिपमधल्या सात दिल्या आणि वहीत ‘एक स्ट्रिप’ लिहिले की महिन्याअखेर साठा जुळत नाही. जास्तीच्या तीन गोळ्यांचा हिशेब देता येत नाही आणि निरीक्षकांच्या मनात पहिला संशय तिथेच येतो. वहीत नेहमी गोळ्यांची संख्या लिहा. दुसरी चूक म्हणजे तीच चिठ्ठी पुन्हा वापरणे. किती वेळा द्यायचे हे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेले नसेल तर नियम ६५(११) प्रमाणे ती एकदाच चालते. औषध दिल्यावर चिठ्ठीवर दुकानाचा शिक्का आणि तारीख टाकणे म्हणूनच गरजेचे आहे. तिसरी चूक वाहतुकीत होते. मुलाला दुचाकीवरून दुसऱ्या दुकानात खोके पोचवायला पाठवताना बिल किंवा चलन सोबत नसते. ५० मिलिग्रॅमच्या १०० कॅप्सूलमध्येच ५ ग्रॅम ट्रामाडोल असते आणि अल्प मात्रेची सीमा तेवढीच आहे. कॅप्सूलचे एकूण वजन धरले तर ती सीमा त्याआधीच ओलांडली जाते.

कोडीनच्या खोकल्याच्या औषधाबद्दलही तुम्ही विचारले आहे. दुसऱ्या घटकासोबत मिसळलेले, एका डोसला १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कोडीन नसलेले, द्रवात २.५ टक्क्यांपेक्षा जास्त नसलेले आणि उपचारात रूढ असलेले मिश्रण १९८५ च्या अधिसूचनेतून सूट मिळवते. ही सूट औषधी वापरासाठी आहे. कागदांविना खोक्यांनी नेलेल्या मालाला ती लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये आसाममधील एका प्रकरणात स्पष्ट केले आहे.

प्रश्न : मला झोपेसाठी अल्प्राझोलाम चालू आहे. तीन महिन्यांसाठी मुलीकडे बंगळुरूला जात आहे. किती गोळ्या जवळ ठेवता येतील? (ठाणे)

एका वेळी १०० मात्रा, म्हणजे तुमच्या बाबतीत १०० गोळ्या. एनडीपीएस नियमांतल्या नियम ६६ मध्ये हा आकडा आहे आणि फार थोड्या रुग्णांना तो माहीत असतो. दीर्घकाळ वापरासाठी असे डॉक्टरांनी चिठ्ठीवर मुद्दाम लिहिले असेल तर ३०० पर्यंत ठेवता येतात. रोज रात्री एक गोळी असेल तर तीन महिन्यांच्या ९० गोळ्या पहिल्याच मर्यादेत बसतात. रोज दोन असतील तर १८० होतात. मग चिठ्ठीत ‘दीर्घकाळ वापरासाठी’ हे शब्द आणि एकूण संख्या दोन्ही हवेत. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव असू द्या, कारण ब्रँडची नावे गावोगाव बदलतात. प्रवासात गोळ्या संपल्या म्हणून औषध एकदम बंद करू नका. रोज घेणाऱ्याने हे औषध अचानक सोडले तर झटकेसुद्धा येऊ शकतात, त्यामुळे कमी करायचे असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करा.

प्रश्न : मी कायद्याची विद्यार्थिनी आहे. मात्रा मोजताना शुद्ध अमली पदार्थाचे वजन धरायचे की भेसळीसह सगळ्या मालाचे? आणि वर्गीकरण बदलले तर जुन्या खटल्यांचे काय? (छत्रपती संभाजीनगर)

सगळ्या मालाचे. पण इथपर्यंत यायला बारा वर्षे लागली. मार्च २००८ मध्ये ई. मायकेल राज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शुद्ध पदार्थाचेच वजन धरावे असे म्हटले. केंद्राने १८ नोव्हेंबर २००९ च्या अधिसूचनेने उलट टीप घातली. शेवटी २२ एप्रिल २०२० ला हिरा सिंग प्रकरणात तीन न्यायाधीशांच्या पीठाने आधीचा निर्णय चुकीचा ठरवला.

फरक किती पडतो ते आकड्यांत पाहा. हेरॉइनची अल्प मात्रा ५ ग्रॅम आणि व्यापारी मात्रा २५० ग्रॅम. समजा दीड टक्का शुद्धतेची २६० ग्रॅम पावडर सापडली. शुद्ध हेरॉइन ३.९ ग्रॅम. जुन्या निकालाप्रमाणे ही अल्प मात्रा होती आणि शिक्षा जास्तीत जास्त एक वर्षाची. आजच्या निकालाप्रमाणे ही व्यापारी मात्रा आहे, शिक्षा किमान दहा वर्षे आणि किमान एक लाख रुपये दंड. शिवाय कलम ३७ च्या जोड अटी (आरोपी दोषी नसावा आणि जामिनावर पुन्हा गुन्हा करणार नाही, असे न्यायालयाला वाटले पाहिजे) लागू झाल्याने जामीन जवळजवळ मिळत नाही आणि आरोपपत्राची मुदत ९० ऐवजी १८० दिवस होते. रस्त्यावर माल जितका भेसळीचा तितका वाहणारा माणूस साखळीत खालचा, आणि तोच या हिशेबात सर्वांत जास्त अडकतो. हा मुद्दा धोरण म्हणून पुन्हा तपासला पाहिजे असे आमचे मत आहे, पण आज कायदा हाच आहे.

व्याख्येचे शब्द नीट वाचा. अल्प मात्रा म्हणजे ठरवलेल्या आकड्यापेक्षा कमी, व्यापारी म्हणजे आकड्यापेक्षा जास्त. गांजाचे आकडे १ किलो आणि २० किलो आहेत. नेमका १ किलो अल्प नाही आणि नेमके २० किलो व्यापारी नाही. दोन्ही मधल्या टप्प्यात पडतात. परीक्षेत आणि न्यायालयात, दोन्हीकडे इथे चुका होतात. चरस १०० ग्रॅम आणि १ किलो, कोकेन २ ग्रॅम आणि १०० ग्रॅम, एमडीएमए अर्धा ग्रॅम आणि १० ग्रॅम, हे आकडे पाठच करा.

जुन्या खटल्यांचे म्हणाल, तर जे कृत्य केले त्या दिवशी गुन्हा नव्हते त्यासाठी शिक्षा नाही आणि त्या दिवशीच्या शिक्षेपेक्षा जास्त शिक्षाही नाही, हे अनुच्छेद २०(१) ने पक्के केले आहे. बदल आरोपीच्या फायद्याचा असेल तर संसदेने काय लिहिले ते पाहावे लागते. मात्रेप्रमाणे शिक्षा ही पद्धत २ ऑक्टोबर २००१ ला आली. त्या दिवशी चालू असलेल्या खटल्यांना तिचा लाभ मिळाला, अपिलात असलेल्यांना नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये बशीर प्रकरणात हा भेद ग्राह्य धरला.

दुरुस्ती करताना काय चुकू शकते याचा एक नमुना तुमच्या टिपणवहीत असायला हवा. २०१४ मध्ये ‘अत्यावश्यक गुंगीकारक औषधे’ ही व्याख्या कलम २ मध्ये आठव्या खंडाच्या उपखंड ‘अ’ च्या जागी घातली. तिथे आधी असलेली ‘अवैध व्यापार’ ही व्याख्या एक घर पुढे सरकली. तस्करीला पैसा पुरवणाऱ्याला शिक्षा देणारे कलम २७अ मात्र जुन्याच क्रमांकाकडे बोट दाखवत राहिले. सात वर्षे कुणी ते दुरुस्त केले नाही. २०२१ मध्ये त्रिपुरा उच्च न्यायालयासमोर आरोपीने हाच मुद्दा मांडला, न्यायालयाने दुरुस्ती करायला सांगितले, आधी अध्यादेश आणि मग डिसेंबरात कायदा आला. रुग्णांना मॉर्फिन मिळावे म्हणून केलेल्या बदलाने तस्करीच्या कलमाचा पाया हलला होता.

प्रश्न : शेत वाट्याने दिले आहे. आमच्या भागात कपाशीत आणि तुरीत गांजाची झाडे सापडतात. माझ्या शेतात सापडली तर मालक म्हणून मी अडकेन का? (धुळे जिल्हा)

तुम्हाला माहीत असून तुम्ही कळवले नाही, तर होय. कलम ४६ प्रमाणे आपल्या जमिनीत बेकायदा गांजाची लागवड आहे हे कळल्याबरोबर पोलिसांना किंवा अधिकृत अधिकाऱ्याला सांगणे हे जमीनधारकाचे कर्तव्य आहे. जाणूनबुजून टाळले तर शिक्षा होते. कलम ४७ ने हेच कर्तव्य सरपंच, पंच आणि गावच्या इतर अधिकाऱ्यांवरही टाकले आहे.

लागवडीला मात्रेच्या पायऱ्या नाहीत, हे पुष्कळांना माहीत नसते. पाच झाडे असोत की पाचशे, कलम २०(अ) खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ‘एक किलोच्या आत आहे’ हा बचाव उभ्या झाडाला लागत नाही.

वाट्याचा करार कागदावर करा आणि पीक कोणते हे त्यात लिहा. ई-पीक पाहणीत नोंद वेळेवर करा. कपाशी छातीला लागली की आतल्या ओळी बांधावरून दिसत नाहीत, त्या दिवसांत स्वतः आत फिरून या. झाडे दिसली तर उपटू नका आणि गाडीत घालून पोलीस ठाण्यात नेऊ तर नकाच, कारण त्या क्षणी माल तुमच्या ताब्यात येतो. लेखी अर्ज द्या आणि पोचेची प्रत घ्या. पंचनाम्यात मुळे, माती आणि ओली पाने यांसह वजन केले जात असेल तर तसे पंचनाम्यातच लिहून घ्यायला सांगा. व्याख्येत फक्त शेंडे आहेत आणि हा मुद्दा पुढे जामिनाला महत्त्वाचा ठरतो.

धाग्यासाठी किंवा बियांसाठी भांगेच्या झाडाची लागवड कलम १४ खाली सरकारी आदेशाने करता येते. उत्तराखंडने नशेचा घटक ०.३ टक्क्यांच्या आत असलेल्या वाणाला असे परवाने दिले आहेत. बियाणे विकणारा ‘आता सगळीकडे चालते’ म्हणाला तरी आपल्या गटक्रमांकाचा लेखी आदेश हातात असल्याशिवाय पेरू नका.

प्रश्न : एमडी नावाचे ड्रग २०१५ आधी कायद्यात नव्हते म्हणतात, ते खरे का? (मुंबई)

खरे आहे. एमडी म्हणजे मेफेड्रोन, ते फेब्रुवारी २०१५ मध्ये एनडीपीएसच्या अनुसूचीत आले. आपला कायदा नावांच्या यादीवर चालतो. पदार्थ, त्याचे क्षार आणि त्यापासून केलेली मिश्रणे यादीत धरली जातात, पण रेणूत थोडा फेरफार केलेला नवा पदार्थ आपोआप धरला जात नाही. तो केंद्राने अधिसूचना काढून नावानिशी घालावा लागतो. आज मेफेड्रोनची अल्प मात्रा २ ग्रॅम आणि व्यापारी मात्रा ५० ग्रॅम आहे. आणखी एक : आपल्या कायद्यात ‘नियंत्रित पदार्थ’ ही संज्ञा ड्रग्जसाठी नसून एफेड्रिन, अ‍ॅसेटिक अनहायड्राइड अशा ड्रग्ज बनवायला लागणाऱ्या रसायनांसाठी आहे. अमेरिकी बातम्यांत तोच शब्द ड्रग्जसाठीच येतो. भाषांतर करणाऱ्यांनी सांभाळावे.

प्रश्न : मुलगा शिकायला अमेरिकेत कोलोराडोला जात आहे. तिथे गांजा कायदेशीर आहे, काळजी नको, असे त्याचे मित्र सांगतात. (नागपूर)

काळजी करा. कोलोराडो आणि वॉशिंग्टन राज्यांनी २०१२ मध्ये मतदानाने प्रौढांना गांजा मोकळा केला, पण तो त्या राज्यांच्या कायद्यापुरता. देशाच्या १९७० च्या कायद्यात पाच शेड्यूल्स आहेत आणि राज्याच्या मतदानाने ती बदलत नाहीत. व्हिसा, प्रवेश आणि हद्दपारी यांचा निर्णय देशाचा कायदा करतो. परदेशी नागरिकाने अधिकाऱ्यासमोर ‘मी गांजा घेतला होता’ अशी रीतसर कबुली दिली तर खटला न होताही त्याला प्रवेश नाकारता येतो. फोनमधली छायाचित्रे आणि संदेश पाहून असे प्रश्न विचारले जातात. विद्यापीठांना केंद्राचा निधी हवा असतो, म्हणून वसतिगृहातही बंदी असते.

गांजा पहिल्या शेड्यूलमधून तिसऱ्यात नेण्याचा प्रस्ताव २०२४ मध्ये आला. त्यावर विसंबू नका. परदेशी नागरिकांविषयीच्या तरतुदीत ‘कोणत्याही शेड्यूलमधला नियंत्रित पदार्थ’ धरला जातो, शेड्यूलचा क्रमांक नाही. राज्ये मागेही फिरतात. ओरेगनने २०२० च्या मतदानाने सर्वच ड्रग्ज अल्प प्रमाणात बाळगणे फौजदारी गुन्ह्यातून काढले आणि १ सप्टेंबर २०२४ पासून ते पुन्हा गुन्ह्यात घातले.

उलटेही होते. मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी दिले जाणारे गॅबापेंटिन देशाच्या शेड्यूलमध्ये नाही, पण केंटकी राज्याने २०१७ मध्ये ते पाचव्या शेड्यूलमध्ये घातले. ट्रामाडोल २०१४ पासून देशभर चौथ्यात आहे. मुलाला असे काही औषध चालू असेल तर मूळ वेष्टनात, इंग्रजी चिठ्ठी आणि डॉक्टरांचे पत्र यांसह न्यावे, आणि त्या राज्याच्या औषध मंडळाच्या संकेतस्थळावर त्या औषधाचा वर्ग आधी पाहून ठेवावा.

प्रश्न : दिवाळीला दुबईला मुलाकडे जात आहोत. सूनबाईंनी अनारसे मागितले आहेत. खसखस चालत नाही असे कुणी म्हणाले. (रत्नागिरी)

बरोबर सांगितले. आपल्या कायद्यात अफूच्या बोंडाच्या व्याख्येतून बिया वगळल्या आहेत, म्हणून खसखस वाण्याकडे खुली मिळते. संयुक्त अरब अमिरातीत मात्र खसखशीवर बंदी आहे, आणि सिंगापूरमध्येही ती निषिद्ध मालात मोडते. बियांना बोंडाचा चीक लागलेला असतो आणि त्यात मॉर्फिनचा अंश सापडतो. अनारशाला चिकटलेली खसखसही त्यात येते. झटकून ती निघत नाही, सामानाच्या कापडात आणि शिवणीत दाणे राहतात. सामान भरायची बॅग आधी उलटी करून झाडा, पीठ खसखशीशिवाय थापा, किंवा पीठ तसेच न्या आणि अनारसे तिथे तळा. सोबत खोकल्याचे कोडीनयुक्त औषध किंवा ट्रामाडोल असेल तर निघण्याआधी तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी घ्या आणि तिची छापील प्रत हातातल्या पिशवीत ठेवा.